कॅरियाकूच्या बोटी: नकाशा नसताना आकार येतो कुठून?

प्रश्न थोडक्यात असा होता: कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटावर कागदावर एक रेघही न ओढता तीस-चाळीस फुटी शिडाच्या लाकडी बोटी बांधतात, हे खरं की सांगोवांगी? एवढ्याशा बेटावर तितकं लाकूड कुठून येतं? आणि सुतारकामाची सवय असलेल्या माणसाला त्याच पद्धतीने पंधरा फुटी होडी जमेल का?

खरं आहे. फक्त "नकाशा नाही" या दोन शब्दांमुळे लोकांचा गैरसमज होतो. जणू म्हातारा मिस्त्री डोळे मिटून कुऱ्हाड चालवतो आणि बोट तयार होते! मी स्वतः त्या बेटावर काम केलेलं नाही. पण नकाशाशिवाय बोट उभी करणाऱ्यांच्या हाताखाली शिकलो आणि पुढची पस्तीस-एक वर्षं लाकडी बोटींची बांधणी आणि डागडुजी यातच गेली. कॅरियाकूची पद्धत त्याच घराण्यातली आहे, त्यामुळे तिच्यात काय चाललंय ते कळतं.

आधी बेटाबद्दल, लागेल तेवढंच. कॅरियाकू हा ग्रेनेडा देशाचा भाग. क्षेत्रफळ साधारण ३४ चौरस किलोमीटर. शेजारी पेटिट मार्टिनिक हे आणखी लहान बेट. बोटबांधणीचं मुख्य गाव विंडवर्ड, नावाप्रमाणेच वाऱ्याच्या तोंडाशी असलेलं. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडहून आलेल्या जहाजसुतारांनी हे काम इथे रुजवलं असं मानतात, आणि मॅक्लॅरनसारखी आडनावं गावात अजून आहेत. इथल्या एका डोलकाठीच्या स्लूप आणि दोन डोलकाठ्यांच्या स्कूनर बेटाबेटांमध्ये मालाची ने-आण करायच्या, मासेमारी करायच्या आणि रात्रीच्या अंधारात जकात न भरलेली दारूही वाहायच्या. चोरट्या व्यापाराचा उल्लेख गंमत म्हणून केलेला नाही. ज्या बोटीला गस्ती नौकेच्या पुढे पळायचंय तिचा तळ गुळगुळीत आणि पाण्यातला आकार निमुळता लागतो. गिऱ्हाईक कसलं आहे त्यावर बोट ठरते. २०२३ मध्ये युनेस्कोने कॅरियाकू आणि पेटिट मार्टिनिकच्या या बोटबांधणीची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली.

आता मूळ मुद्दा, आकार कुठून येतो.

बोट सुरू होते कण्यापासून. कणा म्हणजे तळातून लांबीभर जाणारं सर्वात जाड लाकूड. तो ओंडक्यांवर, किनाऱ्याकडे किंचित उतार ठेवून मांडायचा. पुढे नाळ, म्हणजे बोटीच्या टोकाचा खांब, उभी करायची, मागे सुकाणू टांगायचा खांब. ही तीन लाकडं जोडली की बोटीची बाजूने दिसणारी रेघ पक्की होते: किती लांब, नाळ किती झुकलेली, मागे पाण्यात किती खोल. इथपर्यंत कोणीही येतो. खरा प्रश्न रुंदीचा आणि पोटाचा.

त्यासाठी मिस्त्री सगळ्या बरगड्यांचा, म्हणजे कण्यावर आडव्या बसून फळ्यांना आधार देणाऱ्या वाकड्या लाकडांचा, विचार करतच नाही. तो तीनच ठरवतो. एक मधली, बोट जिथे सर्वात रुंद तिथली. एक पुढची आणि एक मागची. मधल्या बरगडीच्या आकारात बोटीचा अर्धा स्वभाव येतो. तळ चपटा ठेवला तर उथळ पाण्यात चालेल, माल जास्त घेईल, पण वाऱ्याविरुद्ध चढताना बाजूला घसरेल. तळ खोल आणि इंग्रजी व्हीसारखा केला तर वाऱ्याला धरून चालेल, पण ओहोटीला वाळूवर बसली की आडवी होईल. कामाच्या शिडाच्या बोटीत रुंदी लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राहते. लहान बोट प्रमाणाने जास्त रुंद, मोठी प्रमाणाने अरुंद. मिस्त्री ही गणितं मांडत बसत नाही. "मागच्या बोटीपेक्षा पोट चार बोटं कमी" असं म्हणतो. म्हणजे त्याच्याकडे नकाशा आहेच. मागची बोट हाच त्याचा नकाशा, आणि तिच्या आधीच्या सगळ्या बोटी ही त्यातली खाडाखोड. काही जण अर्ध्या बोटीचा लाकडी नमुना कोरून त्यावरून मापं उचलतात. एकोणिसाव्या शतकात ही सर्रास पद्धत होती. पुष्कळांना तोही लागत नाही, कारण जुन्या बरगड्यांचे साचे फळीवर कापून छपराखाली ठेवलेले असतात.

तीन बरगड्या कण्यावर उभ्या राहिल्या, ओळंबा लावून सरळ केल्या, आधाराला टेकू दिले. मग नाळेपासून मागच्या खांबापर्यंत लांब, लवचिक, बिनगाठीच्या लाकडी पट्ट्या या तीन बरगड्यांवरून वाकवत न्यायच्या. एका बाजूला पाच-सहा. पट्टी स्वतःच्या स्वभावाने वाकते. तिला जबरदस्तीने तीन बिंदूंवर आणता येतं, पण दोन बिंदूंच्या मध्ये ती खोटं बोलत नाही. कुठे पोक आलं किंवा खड्डा पडला, तर बरगडी चुकली आहे. मग बरगडी तासायची किंवा पट्टी थोडी सैल करून तिच्या मनासारखी बसू द्यायची. ह्यात दिवस जातात. बाहेरचा माणूस बघायला आला तर त्याला वाटतं काम बंद आहे, कारण मिस्त्री नुसता उभा असतो. कधी नाळेशी उकिडवा बसून एक डोळा मिटून पट्टीच्या रेषेवरून बघतो, कधी तीस पावलं मागे जातो. मला शिकवणारे मिस्त्री तर संध्याकाळचं तिरपं ऊन पडल्याशिवाय पट्टी पक्की करू द्यायचे नाहीत. सावलीत जे लपतं ते तिरप्या उजेडात उघडं पडतं, हे मला पुढे पटलं. तेव्हा मात्र घरी जायची घाई असायची.

पट्ट्या मनासारख्या झाल्या की बोट तयार आहे, फक्त लाकूड लावायचं बाकी, असं समजा. उरलेल्या सगळ्या बरगड्यांचे आकार आता पट्ट्यांच्या आतल्या बाजूने उचलायचे. पातळ फळीचा किंवा वाकणाऱ्या तारेचा साचा आत धरायचा, आकार घ्यायचा, झाडाच्या तुकड्यावर टाकायचा. एका बाजूचा साचा उलटा केला की दुसऱ्या बाजूची बरगडी मिळते. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या येतात. तरी खात्री म्हणून नाळेच्या मधोमध एक खिळा मारून त्याला दोरी बांधायची आणि डाव्या-उजव्या बरगडीच्या टोकापर्यंतचं अंतर मोजायचं. अंतर सारखं आलं नाही तर बोट कुठेतरी मुरगळली आहे. हे गणिताचं काम एका दोरीत होतं.

एक गोष्ट वाचून कळत नाही, हातानेच कळते. बरगडीची बाहेरची कड काटकोनात ठेवून चालत नाही. फळी तिच्यावर सपाट बसायला हवी, आणि नाळेकडे जावं तसा फळीचा कोन बदलत जातो. म्हणून प्रत्येक बरगडीची कड वाकसाने तिरकी तासावी लागते, आणि तो तिरकेपणा एकाच बरगडीत वरून खाली वेगळा असतो. नवशिक्याची बोट इथे फसते. कड जास्त तासली की लाकूड परत येत नाही, आणि फळी व बरगडीच्या मध्ये पोकळी राहते. तिथे ओल साठते आणि दहा वर्षांनी माझ्यासारख्याला बोलावणं येतं.

लाकडाचा प्रश्न तुम्ही बरोबर विचारलात. बेटावरच्या बोटबांधणीची खरी गोष्ट तिथेच आहे.

मोठ्या भूमीवरचा सुतार वखारीत जातो आणि सरळ, लांब, वाळलेल्या फळ्या घेतो. बेटावर सरळ लांब झाड मुळात कमी. वारा, उथळ माती, खारा शिडकावा यांमुळे झाडं बुटकी आणि वेडीवाकडी वाढतात. घर बांधणाऱ्याला हे संकट. बोट बांधणाऱ्याला मात्र नेमकं हेच हवं असतं, कारण बरगडी वाकडीच लागते. सरळ फळीतून वाकडी बरगडी कापली तर लाकडाचे तंतू वळणाच्या जागी तुटतात. दोन्ही टोकांना मजबूत वाटणारा तुकडा मध्येच कडकन मोडतो. पण जे झाड वाढतानाच वाकलंय, त्याचे तंतू वळणासोबत वळलेले असतात. फांदी खोडाला जिथे मिळते, मुळं बुंध्यातून जिथे फुटतात, ते जोड अख्ख्या झाडातले सर्वात चिवट. वर्षानुवर्षं वाऱ्याने हलवूनही ते निखळलेले नसतात.

कॅरियाकूवर बरगड्यांसाठी वापरतात त्या झाडाला तिथे व्हाइट सीडर म्हणतात. नाव फसवं आहे. खऱ्या सीडरशी त्याचा संबंध नाही. ते टॅबेबुया कुळातलं, म्हणजे आपल्याकडे रस्त्याच्या कडेला लावतात त्या गुलाबी फुलांच्या टॅबेबुयाचं भावंड. लाकूड टिकाऊ, चिवट, फार जड नाही आणि डोंगरउतारावर वळणं घेत वाढणारं. बोट बांधणारा साचे खांद्यावर टाकून टेकडीवर जातो आणि झाडाला साचा लावून बघतो. हे झाड तिसऱ्या बरगडीचं, ती फांदी नाळेच्या आतल्या गुडघ्याची, म्हणजे सांध्याला आधार देणाऱ्या कोनाच्या लाकडाची. चांगल्या मिस्त्रीला बेटावरची झाडं माणसांसारखी ओळखीची असतात. अमुक वळणाचं झाड अजून पाच वर्षांनी उपयोगी येईल, हे त्याच्या डोक्यात असतं. त्यामुळे बोटीचा आकारही थोडा झाडाच्या कलाने जातो. हवी तेवढी गोल बरगडी मिळाली नाही तर पोट जरा कमी गोल होतं. बेटाबेटाच्या बोटी वेगळ्या का दिसतात याचं निदान अर्धं उत्तर झाडांत आहे.

झाड कधी तोडायचं याबद्दल जगभरचे बोट बांधणारे चंद्राकडे बघतात. उतरत्या चंद्रात तोडलेलं लाकूड किडत नाही, असं मलाही शिकवलं होतं. मी दोन्हीकडची लाकडं वापरली, मला फरक दिसला नाही. पण त्या नियमाचा एक फायदा नक्की होतो. महिन्यातले ठरावीक दिवसच तोड होते, त्यामुळे सगळी झाडं घाईघाईत एकदम पडत नाहीत. टिकायला जे लागतं ते साधं आहे: साल लगेच काढायची, टोकांना रंग किंवा डांबर लावायचं म्हणजे चिरा पडत नाहीत, सावलीत हवा खेळती ठेवून रचायचं आणि बाहेरचं पांढरं लाकूड टाकून गाभ्याचंच वापरायचं. पांढऱ्या भागात किडीला खायला गोड माल असतो. तो वाचवायचा मोह झाला की बोटीचं आयुष्य निम्मं होतं.

कणा आणि फळ्यांचं लाकूड मात्र बेटाबाहेरून येतं. कण्यासाठी दक्षिण अमेरिकेतल्या गयानाचं ग्रीनहार्ट. हे इतकं घट्ट लाकूड आहे की पाण्यात टाकलं तर बुडतं, आणि लाकूड पोखरणाऱ्या टेरेडोला सहजी दाद देत नाही. टेरेडोला लोक अळी म्हणतात, पण तो शिंपल्यांच्या जातीचा प्राणी आहे. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून आत शिरतो आणि बाहेरून काही न दिसता फळीची जाळी करून टाकतो. कणा बदलणं म्हणजे बोट नव्याने बांधणं. म्हणून सगळ्यात महाग लाकूड तिथेच घालायचं. बाहेरच्या फळ्यांसाठी पूर्वी अमेरिकेहून येणारं राळेने भरलेलं पिच पाइन वापरत. बेटाला लाकूड हवं तर ते आणायला बोट हवी, आणि ती बोट आधी त्याच बेटाने बांधलेली. कॅरियाकूच्या स्कूनरनी वाहिलेल्या मालात लाकूडही असायचंच.

बरगडीला ओलसर लाकूड एकवेळ चालतं, फळीला अजिबात नाही. याचा धडा मी स्वतःच्या पैशाने घेतला. पहिल्यांदा स्वतंत्रपणे घेतलेल्या एकवीस फुटी बोटीच्या फळ्या मी उन्हाळ्यात लावल्या. लाकूड पुरवणाऱ्याने वाळलेलं आहे म्हणून सांगितलं, आणि मी वजन उचलून न बघता विश्वास ठेवला. महिनाभरात फळ्या आकसल्या, फटींतून पलीकडचं ऊन दिसायला लागलं. घाबरून मी फटींत सूत ठासून भरलं. पावसाळ्यानंतर बोट पाण्यात उतरवली. फळ्या फुगल्या, भरलेल्या सुताला जागा उरली नाही, आणि तीन बरगड्यांवरचे खिळे उपसून आले. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, आकसतं ते रुंदीत. झाडाच्या वाढीच्या कड्यांना समांतर कापलेली फळी कड्यांना काटकोनात कापलेल्या फळीपेक्षा साधारण दुप्पट आकसते. हे मला पुस्तकात माहीत होतं. पण ते तीन बरगड्यांच्या किमतीला लक्षात राहिलं. तेव्हापासून फळी लावायच्या आधी तिचा एक तुकडा तोलून, आठ दिवस छपरावर टाकून पुन्हा तोलतो. वजन उतरत असेल तर थांबतो.

फळ्या बसवण्याचं काम वेळखाऊ, पण ऐकायला जितकं अवघड वाटतं तितकं नाही. कण्याला लागून असलेली पहिली फळी सर्वात कठीण, कारण मध्ये ती जवळपास आडवी आणि टोकांना उभी असते. एकाच फळीला पूर्ण पीळ बसतो. ती गरम वाफेत किंवा नुसत्या ओल्या पोत्यांत ठेवून, शिकंजांनी इंच-इंच ओढत आणतात. वाफेचा ढोबळ हिशोब जाडीच्या दर इंचाला एक तास. जाड तंतूंची काही लाकडं वाफ मानतच नाहीत. तिथे फळी अरुंद घ्यायची आणि संख्या वाढवायची. प्रत्येक फळी मध्ये रुंद, टोकांना निमुळती. शेजारच्या फळीची कड तिच्यावर उतरवून घ्यायची. सगळ्यात शेवटी पोटावरची एक फट उरते. तिच्यातली फळी दोन्हीकडून तंतोतंत बसावी लागते, आणि ती बसली की त्या दिवशी काम बंद करून प्यायची पद्धत पुष्कळ देशांत आहे.

दोन फळ्या आतल्या बाजूने एकमेकींना चिकटलेल्या हव्यात आणि बाहेरच्या बाजूने किंचित उघड्या. या निमुळत्या खाचेत सुताचा पीळ किंवा जुन्या दोरखंडाचा डांबर लावलेला काथ्या बोथट पटाशीने आणि मोगरीने ठोकतात. वरून लुकण. पूर्वी ते शेंदूर आणि बेलतेलाचं (उकळलेल्या जवस तेलाचं) करत. शेंदूर म्हणजे शिशाचं विष. उघड्या हाताने कालवू नका, आणि घासताना त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नका. किती ठोकायचं ते आवाजावर कळतं. सुरुवातीला मोगरी मऊ, भद्द वाजते. सूत बसलं की आवाज टणक होतो. तिथे थांबायचं. पुढचा एक घाव म्हणजे माझ्या एकवीस फुटीची गोष्ट पुन्हा.

खिळ्यांबद्दल एकच: एका बोटीत दोन धातू मिसळू नका. तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात शेजारी आले की लोखंड झपाट्याने झिजतं आणि आजूबाजूचं लाकूड काळं पडून मऊ होतं. सगळं तांब्याचं, नाहीतर सगळं जस्त चढवलेलं लोखंड. आधी गिरमिटाने भोक, मग खिळा.

आता बोट पाण्यात उतरवणं. कॅरियाकूच्या पद्धतीबद्दल मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते इथे. बोट बांधलेली असते उघड्या किनाऱ्यावर, दोन्ही बाजूंना लाकडी टेकू देऊन उभी. रूळ नाहीत, क्रेन नाही. कणा खोल आहे, त्यामुळे उभी बोट वाळूवरून ढकलली तर कणा रुतून बसेल. म्हणून ती आडवी करायची. पण कित्येक टन वजन धाडकन आडवं झालं तर फळ्या फुटतील. यावर तिथला उपाय असा: एका बाजूचे टेकू कुऱ्हाडीने खालून थोडे थोडे छाटायचे. एकाने चार घाव घातले की थांबायचं, मग दुसऱ्या टेकूवाल्याने. टेकू आखूड होत जातो तशी बोट पोटाच्या गोलाईवर हळूहळू कलत येते आणि खाली मांडलेल्या गोल ओंडक्यांवर टेकते. घाव कुणी कधी घालायचा हे एकच माणूस सांगतो. पुढचा टेकू मागच्याआधी संपला तर बोट पिळवटते. मग पाण्यात खोलवर नांगर टाकून त्याला कप्पी आणि दोर लावायचे, आणि सगळा गाव दोर ओढतो. ओंडके मागून काढून पुढे ठेवत राहायचे.

त्याआधी पाद्री आशीर्वाद देतो, मेंढी-बकरी कापून रक्त बोटीवर शिंपडतात, रम ओततात, आणि आलेल्या सगळ्यांना जेवण असतं. स्कॉटिश अवजारं आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या श्रद्धा एकाच बोटीवर एकत्र आलेल्या दिसतात. जेवणाला मी तांत्रिक बाब मानतो. दोर ओढायला शे-दीडशे माणसं लागतात आणि त्यांना मजुरी देणारी बोट कुठल्याच बेटाला परवडणार नाही.

हे काम कमी का झालं याचं कारण गूढ नाही. फायबरच्या बोटी आल्या, लोखंडी मालवाहू जहाजं आली, तरुण मंडळी देश सोडून गेली. १९६५ मध्ये लिंटन रिग या शिडाच्या बोटींच्या शौकिनाच्या पुढाकाराने कॅरियाकूची शर्यत सुरू झाली. कामाच्या बोटींनाच शर्यतीत उतरवायचं आणि त्या निमित्ताने बांधणी चालू ठेवायची, ही कल्पना. ती बऱ्यापैकी चालली. पण शर्यतीच्या बोटी आणि परदेशी हौशी गिऱ्हाइकांच्या बोटी मिळूनही हातावर मोजण्याइतक्याच होतात. बोटी फारच कमी बांधल्या की मागची बोट हाच नकाशा असण्याची सोय संपते. मुलगा बापाच्या हाताखाली दहा बोटी बघतो तेव्हा त्याच्या डोळ्यात वळण बसतं. एका बोटीत ते बसत नाही, चित्रीकरण करून ठेवलं तरी नाही. त्यात १ जुलै २०२४ ला बेरिल हे चौथ्या श्रेणीचं चक्रीवादळ ताशी २४० किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यासह थेट कॅरियाकूवर आलं. बेटावरची बहुतेक घरं मोडली आणि टिरेल बे या तिथल्या उपसागराच्या खारफुटीत आसऱ्याला नेलेल्या कित्येक बोटीही उद्ध्वस्त झाल्या. १९५५ च्या जॅनेट वादळानंतरही हे बेट पुन्हा उभं राहिलं होतं, पण तेव्हा बोट हीच गरज होती.

आता तुमच्या होडीकडे. जमेल. सुतारकामाची सवय असेल तर हात तयार आहे, तयार करायचाय तो डोळा. म्हणून थेट लाकडाला हात घालू नका. आधी एका इंचाला एक फूट या प्रमाणात पंधरा इंची अर्धी बोट कोरा. मऊ लाकूड घ्या. तीनदा कोरा, तिन्ही नमुने भिंतीवर लावा आणि महिनाभर येता-जाता बघा. पहिल्या नमुन्यातली चूक दुसऱ्या आठवड्यात आपोआप दिसायला लागते. मग त्यावरून तीन साचे मोठे करा, पाच फुटांच्या आसपास रुंदी धरा, कण्यावर उभे करा आणि पट्ट्या वाकवा. पट्टी बिनगाठीची, सलग रेषांची आणि होडीपेक्षा दोन-तीन फूट लांब. पट्टीत पैसे वाचवू नका, कारण गाठ आली की पट्टी गाठीशी मोडून वळते आणि तुम्ही बरगडीला दोष देत बसता.

फळी पाऊण इंचाची ठेवा. त्याहून पातळ फळीच्या फटीत सूत नीट धरत नाही. मरीन प्लायचा विचार मनात आला तर ती वेगळी वाट आहे, वाईट नाही. पण प्लाय एकाच दिशेने वाकतो, त्याला पीळ फारसा देता येत नाही. तेव्हा होडीचा आकारच त्याच्यासाठी वेगळा, कोनांचा करावा लागतो. गोल पोटाच्या बोटीवर प्लाय बसवायचा प्रयत्न करणारे दोघे जण माझ्याकडे येऊन गेलेत. दोघांनाही साचे मोडायला सांगितलं.

आत ओल साठू देऊ नका. खाऱ्या पाण्याने लाकूड फारसं कुजत नाही, पावसाच्या गोड्या पाण्याने कुजतं. बरगड्यांच्या तळाशी पाणी वाहून एका जागी यावं म्हणून छोट्या खाचा आधीच पाडा, नंतर हात पोचत नाही. शीड लावणार असाल तर तळाशी नीरम, म्हणजे होडी स्थिर ठेवणारं वजन, लागेल. गोल दगड चालतात, पण ते फळ्यांवर न ठेवता बरगड्यांवर टाकलेल्या तक्त्यांवर ठेवा आणि वर फळी बांधून जखडा. होडी कलली की सुटा दगड कललेल्याच बाजूला धावतो.

उतरवाल त्या दिवशी होडी गळणार. घाबरू नका आणि सूतही ठोकू नका. पहिल्या दिवशी उथळ पाण्यात बांधून ठेवा, बादली हाताशी असू द्या आणि दर तासाला किती बादल्या निघाल्या ते लिहून ठेवा. फळ्या पाणी पिऊन फुगतात तशी संख्या उतरत जाते. दोन-तीन दिवसांनी दिवसाला एखादी बादली उरली तर ती होडी ठीक आहे. संख्या उतरतच नसेल तर होडी वर ओढा आणि कण्यालगतच्या पहिल्या फळीचं नाळेकडचं टोक बघा. माझ्या अनुभवात दहापैकी सात वेळा गळती तिथेच निघते.